जावयानं आणलेली जलपर्णी

तर तुम्हीच सांगा, बुडायचं सोडून आमचा गणपती तळ्यावर बसला की वो! पाटावर बसावा तसा, ऐसपैस, आणि समदं गाव काठावर उभं राहून वरडतंय, पुढच्या वर्षी लवकर या... अरं, ह्या वर्षी जाऊ तरी दे त्येला!

आणि हे कुणापाय? जावयापाय. निपाणीजवळ आमचं गाव, आणि जावई बेळगावात हापिसात, विक्रमराव. मागं एकदा गणपतीला आले ते हातात टब घिऊन. टबात रोपटं, त्याला जांभळं फूल. म्हटलं, पाव्हणं, हे काय? तर कसं नाजूक बोलत्यात, "डेकोरेशनला, मामा. एवढंसं तर आहे!"

आता देवाम्होरलं निर्माल्य उकिरड्यावर टाकायचं न्हाय, पाण्यातच सोडायचं, ही आमची रीत. गेलं रोपटं गणपतीच्या मागनं तळ्यात. गणपती विरघळला वो, हे कशाला विरघळतंय?

तुम्हाला सांगतो, ह्या जलपर्णीला ना पेरणी लागती ना खत. एक रोप हात लांब करतंय, हाताच्या टोकाला दुसरं, त्याच्या टोकाला तिसरं... दिवाळीला काठ धरला, जावई म्हणत्यात, एवढंसं तर आहे. शिमग्याला निम्मं तळं खाल्लं, तरी एवढंसंच! बेंदराला जनावरं धुवायला गेलो तर पाणी कुठाय? खाली नुसता अंधार, मासं वर यिऊन आ करून मेलं, आमची पांढरी कमळं गेली, बेडकं गप झाली, डास तेवढं सुखानं नांदत्यात. माझी म्हस जलमभर तिथंच डुंबलेली, आता काठावर उभी राहून माझ्याकडं असं बघती, जणू तळं मीच विकलं.

पंचायतीत गेलो. सायेब कानडीत म्हणाले, "नोडोणरी, आण्णाप्पा." बघूया म्हणं! आले, बघितलं, हिरवंगार दिसतंय म्हणून फोटो काढून गेले. मग गावानं जेसीबी लावला, समदी उपसली, आणि टाकली कुठं? काठावरच! शाणी माणसं! एक मोठा पाऊस झाला, गेली की परत माहेरी. वर जेसीबीनं तुकडं केलते, त्या एकेका तुकड्यानं नवं बिऱ्हाड मांडलं.

आमची लेक रचना म्हणती, "आप्पा, त्येंना काय बोलू नगासा." न्हाय बोलत बाई! जावयाचं पाय धुवायची आमच्यात रीत, धुवायला तळ्यात पाणी दिसंना, तरी बोलायचं न्हाय.

तर परवा गणपती असा पानांवर बसलेला, पोरं देवाला काठीनं ढोसत्यात, मला मेल्याहून मेल्यागत झालेलं, आणि गर्दीतनं जावई आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात बोटाएवढं कसलं तरी परदेशी मासं. म्हटलं, पाव्हणं, आता हे काय?

"हे जलपर्णी खातात, मामा. एवढेसे तर आहेत!"

काय करणार? जावईच ते. पिशवीची गाठ त्येंच्यानं सुटंना... मीच सोडून दिली.