हो म्हटलं की पुढचा प्रश्न

हॅलो?… हॅलो, ताई?… अगं तुटतोय आवाज, थांब, खिडकीशी येते. या होस्टेलात रेंज म्हणजे नुसता लपंडाव… हं, आता बोल.

झोपले कुठली. दुपारी झोपायची चैन आहे का मला. संख्याशास्त्र घेऊन बसलेय… उद्याच, हो. सकाळी पेपर आणि दुपारी ते सादरीकरण… येतंय कपाळ. चार पानं पुढे गेले की मागचं सगळं साफ. माझ्या शेजारच्या खोलीत ती दंतवैद्य आहे ना, ती म्हणते, यापेक्षा अक्कलदाढा काढत बसले असते तर बरं झालं असतं… अगं तीच, दात काढून काढून कंटाळली म्हणून सार्वजनिक आरोग्य शिकायला आली. आता रोज माझ्या पलंगावर डोकं धरून बसते.

पण तू या वेळेला घरी कशी? शाळा?… रजा टाकलीस?… तू? अंगात ताप घेऊन मुलांना पाढे शिकवणारी बाई तू, आणि रजा?… आई बरी आहे ना?

मग आवाज असा का येतोय तुझा?

… नाही, फॉर्म अजून दिला नाही सरांना. उद्या सादरीकरण झालं की द्यायचाय. इथेच पडलाय टेबलावर… का गं?

ताई, हे बघ, ते रविवारचं डोक्यातून काढून टाक बरं. अभ्यासाचा भाग होता तो… सांगितलं होतं ना तुला. डॉक्टरने नीट तपासलं नाही आणि माणूस घरीच गेला, तर घरच्यांना विचारायचं, काय काय झालं होतं, आणि त्यावरून कारण शोधायचं. प्रत्येकाने एक घर घ्यायचं होतं… हो, तोंडी शवविच्छेदन म्हणतात त्याला… माहितीये मला ऐकायला कसं वाटतं. मी नाही ठेवलं नाव.

… हो, ‘मयत’. छापलंय तसंच वाचायचं असतं गं. ‘मयताला ताप होता का’, ‘मयताला खोकला होता का’. तिथे ‘बाबा’ म्हटलेलं चालत नाही… अगं मला तरी कुठे बरं वाटत होतं? तू सारखी म्हणत होतीस, मयत मयत काय करतेस, बाबा म्हण. मी मान खाली घालून वाचत सुटले.

नको होतं घ्यायला आपलं घर, कळतंय. साथवाले सर म्हणाले होते, नात्यातलं घर घेऊ नका. साथींचं शिकवतात म्हणून साथवाले सर… मीच शहाणी. परक्या बाईच्या दारात उभं राहून तिचा नवरा कसा गेला ते कोणत्या तोंडाने विचारू? दोन घरांच्या पायऱ्या चढून तशीच खाली आले. म्हटलं, आपली ताई आहे. ती समजून घेईल. आता सावरलीय…

काय म्हणालीस?… परत सांग.

… हो. तसंच असतं ते. ‘नाही’ म्हटलं की आम्ही पुढच्या भागावर उडी मारायची. ‘हो’ म्हटलं की त्याच्या पोटात आणखी प्रश्न असतात, ते सगळे विचारायचे… तुझ्या लक्षात येणारच होतं गं. वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका काढतेस तू.

… हो. ताप नाही, खोकला नाही, छातीत दुखणं नाही, ते भराभर गेलं… आणि हातापायांच्या प्रश्नाशी आलो तेव्हा… हो, उजवा हात. कप सुटला तो… हो, तोंड वाकडं… बोलणं जड. तोंडात घास असल्यासारखं, म्हणालीस तू.

… थांबले होते? मी?… पान उलटत असेन.

… बरं, नव्हते उलटत. थांबले होते.

अगं पण दाखल्यावर लिहिलंय ना डॉक्टरांनी, हृदय बंद पडून. ते आले, त्यांनी बघितलं, लिहून दिलं. तेच खरं धरायचं. आपल्यासाठी तेवढं पुरे आहे… आता हृदय बंद पडणं हे काही कारण झालं का, ते शेवटी सगळ्यांचंच पडतं. पण… नाही, नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. तोंडातून निसटलं. तू लगेच शब्द पकडू नकोस ना.

ताई, नको विचारूस हे.

… सांगायची परवानगीच नाही आम्हाला. अगदी घोकून घेतलंय आमच्याकडून. घरचं माणूस विचारतंच, वाचले असते का म्हणून. मग म्हणायचं, ‘तुम्ही दिलेली माहिती मोलाची आहे, तिचा पुढे इतरांना उपयोग होईल.’ आणि उठायचं… हसू नकोस गं अशी.

… उद्या काय सांगणार म्हणजे? हेच. काय लक्षणं होती, कारण काय असावं आणि… उशीर कुठे झाला. तीन ठिकाणं धरतात. घरात, वाटेत नाहीतर दवाखान्यात. त्यातलं एक सांगायचं.

… ताई, वाटेत कसा होईल? आपण निघालोच नव्हतो.

हो. घरात. फळ्यासमोर उभं राहून ‘घरात’ म्हणायचंय मला, आणि सगळे माना डोलावतील. म्हणूनच तर हे पुस्तक उघडून बसलेय आणि एक ओळ डोक्यात शिरत नाहीये. तुला काय वाटतं, मी मजेत आहे इथे? मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. कशाला आले इथे असं झालंय. शंभर माणसं दे मला, त्यातली किती वाचतील ते मी सांगेन तुला, आकडेमोड करून. एका माणसाचं नाही सांगता येत. आमच्या विषयातच नाही बसत ते.

… मग शिकते काय? खरंय. बरोबर विचारलंस. अख्ख्या गावाचं आरोग्य शिकतेय, आणि घरातला माणूस… जाऊ दे.

… नाही. ‘माहीत नाही’ हेच उत्तर आहे. फॉर्मवर तिसरा चौकोन असतो तसा, ‘माहीत नाही’. तोही चालतो… तुला नाही चालत. हो. मला माहितीये तुला काय चालतं.

पिलू म्हणू नकोस आत्ता. पिलू म्हटलंस की मी संपले.

… ऐक ना… ऐक तर… अगं हो, हो, पण तू आधी सांग, तू रविवारपासून जेवतेयस का नीट? रजा टाकून घरात बसून हेच करतेयस ना? चहा दिला, उशी सरकवली, पांघरूण घातलं, हेच सगळं घोळवतेयस ना पुन्हा पुन्हा? तुझ्यासारख्या बाईने… अगं तू मला कधी खोटं नाही सांगितलंस. मी नापास झाले तेव्हासुद्धा घरी कोणी तोंड उघडेना, तू सरळ येऊन म्हणालीस, नापास झालीस, रडून घे आणि जेवायला ये. आणि मी तुला ‘माहिती मोलाची आहे’ म्हणून वाटेला लावू?

… नाही, मी ओरडत नाहीये.

… बरं. सांगते. पण मग तू हे एकटीने उरावर घेऊन बसायचं नाही. माझंही आहे ते. दोघींचं आहे. कबूल?… नुसतं हं करू नकोस.

हो.

हो, ताई. वाचले असते. बहुतेक वाचले असते. मेंदूचं होतं ते, हृदयाचं नाही. कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, तेव्हाच उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर… हात पूर्वीसारखा चालला असता की नाही, ते नाही सांगता येत. पण असते. आज असते… त्यांना झोपवायला नको होतं. तेवढंच.

… ताई?

शिव्या दे मला हव्या तर. हे बघ, तुझी चूक नाही. कोणालाही वाटलं असतं, रात्री झोप झाली नाही, थकलेत, पडू दे जरा. कोणीही झोपवलंच असतं…

काय?… शाळेत म्हणजे?… त्या दिवशी सकाळी तू शाळेत होतीस?… नाही, नाही, थांब. रविवारी तू म्हणालीस ना मला, ‘मी चहा दिला, मी पांघरूण घातलं’. मी लिहिलंय तसं. तू घरी नव्हतीस, तर मग घरी कोण…

ताई, फोन स्पीकरवर आहे का?

… कधीपासून?

अगं मग आधी सांगायचं नाहीस?… आईला विचारायला लागू नये म्हणून रविवारी ‘मी, मी’ म्हणालीस?… मी ‘नाही’ म्हणावं आणि आईने ते ऐकावं म्हणून केलास फोन?… मला काय ठाऊक. तू नुसती ‘सांग, खरं सांग’ करत होतीस. मला वाटलं, तुलाच… आईने रविवारी आपलं सगळं ऐकलं? स्वयंपाकघरातून?… आणि तेव्हापासून हेच विचारतेय तुला?… अगं एक शब्द टाकायचास आधी. नुसता मेसेज टाकला असतास तरी कळलं असतं मला. मी शंभर वेळा ‘नाही’ म्हटलं असतं गं. शपथेवर म्हटलं असतं.

… नको, तिच्याकडे नको देऊस… ताई, नको ना…

… आई.

हो, मीच… नाही, बरी आहे. सर्दी झालीय थोडी, म्हणून आवाज… आई, मी आत्ता जे बोलले ना, ते सगळं पुस्तकातलं होतं. पुस्तकात माणसं तशीच वाचतात. खऱ्या घरात नाही तसं होत. आणि मी अजून शिकतेय, मला कुठे काय कळतंय…

… हो. कळतं थोडंफार.

… नाही, दुखलं नसणार त्यांना. त्यात बहुधा दुखत नाही… हे नाही समजूत काढायला सांगत. हे खरं आहे.

… काहीतरी सांगत होते? तुला?… शब्दच कळेना… मग?… आणि तू म्हणालीस, आधी झोपा, उठल्यावर सांगा.

अगं मीसुद्धा हेच म्हटलं असतं. ताईनेही म्हटलं असतं. आई, ऐकतेयस का?… नाही, मी नाही रडत.

… फॉर्म? आहे. इथेच आहे… ते कशाला आता?… हो, त्यात ताईच आहे. ‘आजारपणात मयताजवळ असलेली व्यक्ती’, तिथे ‘मुलगी’ लिहिलंय… राहू दे ना, आई. त्याला कोण विचारतंय. सर गठ्ठ्यात टाकतील आणि विसरून जातील… दोष कोणाचा असं नाहीच विचारलेलं त्यात. तशी जागासुद्धा नाही.

… तिच्यावर नको. हो. कळतंय मला, तिच्यावर नको. पण मग तुझ्यावर तरी…

आई, नको ना गं.

… बरं. बरं, थांब. पेन घेते… ‘मुलगी’ खोडलं… हो, नीट खोडलं, वाचता येत नाही आता… हो, वाचून दाखवते. ‘आजारपणात मयताजवळ असलेली व्यक्ती, पत्नी.’

… लिहिलं, आई.

… हो. जेवते. ठेव तू.