लोणच्याची परदेशी तपासणी

अगं, हिंजवडीची नोकरी सोडून मी लोणच्याचा धंदा काढला ना, तेव्हाची गोष्ट. पहिलीच ऑर्डर जर्मनीची. तिथले आयातीचे नियम कडक, म्हणून त्यांचा माणूस आमचा सदाशिव पेठेतला कारखाना तपासायला आला. दारातच सासूबाई आडव्या!

"अहो, आधी हात धुवा. घड्याळ काढा, लोणच्याजवळ चालत नाही. साहेब असाल तुमच्या देशात!"

म्हटलं, गेली ऑर्डर! शेवटचं वाक्य गाळून मी भाषांतर केलं. तो निमूटपणे घड्याळ काढून, हात धुऊन आला.

"नियम आमचाच, विसरलो मीच," तो म्हणाला. "यांना ट्रेनिंग कोणी दिलं?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "त्यांच्या सासूबाईंनी. माझं यांच्याकडे अजून चालू आहे."