नादियाचा खोकला

जुन्नरच्या दवाखान्यात हर्षाली थांबली होती. मागच्या बाकावर येडगावच्या सरूबाई आणि त्यांची जुनी मैत्रीण जैबुन्निसा बोलत होत्या.

"जैबुन, नात काय करती गं पुण्यात?"

"कशिश हवेतला धूर मोजती. लाहोरची नादिया तिकडचा मोजती. मग दोघी आकड्यांचा ताळमेळ घालत्यात."

"पाकिस्तानची? आन चालतं?"

"मधी दोन देशांच्या भांडणात समदं बंद पडलं व्हतं. मग जर्मनीच्या एक बाई मधी पडल्या. आता दोघी त्यांच्याकडं आकडे धाडत्यात."

"आपल्याला काय करायचा त्यांचा धूर?"

"सरू, वाऱ्याला कुठली आलीय सरहद्द?"

"आन ती लाहोरची पोरगी बरी हाय ना?"

"त्याच धुरानं तिची आई गेली, थंडीत. आता हिला खोकला. माझ्याशी फोनवर धड बोलू देत न्हाई."

"माझ्या परसात अडुळसा हाय. धाडू?"

"टपाल बंद हाय गं."

"तिकडंबी उगवत असंलच की! लाव फोन."

जैबुन्निसानं नादियाला फोन लावला. तेवढ्यात हर्षालीचा मोबाइल वाजू लागला. मागचं बोलणं ऐकू यावं म्हणून तिनं तो बंद केला.

"हॅलो, नादिया बाळा? मी सरूमावशी. तुला मराठी कळायची न्हाई, पण ही जैबुन समजावून सांगल. आधी पानं नीट धुऊन घे..."