देवचाराचा चष्मा

नाही हो, दिसत नाही मला! तुमच्यातलं कोण हसतंय, कोण जांभई देतंय, काही म्हणता काही दिसत नाही, समोर नुसता धुरळा... आणि चष्मा हरवला का म्हणाल, तर तोही हरवलेला नाही! कुठं आहे ते ठाऊक आहे, कुठल्या दगडावर, कुठल्या दिशेला तोंड करून ठेवलाय तेसुद्धा ठाऊक आहे, पण मागता येत नाही. स्वतःचा चष्मा! आता चुकलं असेल माझंच. असेलही!

म्हणजे मुळात ह्या वयात पाठीला पिशवी बांधून समुद्रकाठानं हिंडायला निघणं हेच... पण ती कल्पना माझी नव्हती, कायतानची. कायतान म्हणजे माझा मालवणच्या शाळेतला मित्र. शाळा सुटली, मी पुण्याला गेलो, तर्कशास्त्र शिकलो, विलायतेला जाऊन आणखी शिकलो, आणि मग जन्मभर पोरांना विचारत बसलो, की कुणी बघत नसताना वस्तू असते की नसते? उत्तर मला अजून मिळालेलं नाही, तुम्हाला सांगतो, पेन्शन मात्र मिळाली. कायतान गेला बोटीवर आचारी म्हणून. त्याला रंगूनची गल्ली न गल्ली ठाऊक, पण स्वतःच्या गावापासून चार कोसांवर काय चालतं ते ठाऊक नाही! तो गेल्या साली परत आला आणि म्हणतो, "हरी, जल्मभर आपलो किनारो मी बोटीवरसून बघलंय. एक हिरवी रेघ! त्या रेघेच्या भितुर काय आसा, ता माका बघूचा आसा. चल."

चल म्हणजे कुठं? तर देवगडपासून देवबागपर्यंत, पायी, वाळूतून! त्यापुढं गोवा, तिथं अजून पोर्तुगीज, परवाना लागतो, म्हणून वाचलो... नाहीतर ह्यानं मला लिस्बनपर्यंत चालवत नेलं असतं.

मी म्हटलं, "अरे, साप असतील." तर म्हणे, "आसतले."

"पाणी बाधेल."

"बाधतला."

"पाय मुरगळला तर?"

"मगे बसान ऱ्हा!"

ह्याच्याशी वाद घालायला तर्कशास्त्र काय कामाचं? निघालो. उन्हाची भीती म्हणून तोंडाला गोपीचंदन फासलं, अगदी कानापर्यंत, आणि डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला. हे लक्षात ठेवा बरं का, पुढं लागणार आहे.

तर मिठबाव मागं पडलं, दुपार झाली, पोटात कावळे, आणि वाळूतून वर चढलो तर समोर गाव! नाव नाही सांगत. माड, पोफळी, सारवलेली अंगणं... आणि माणूस नाही! एका घरात नाही, दुसऱ्यात नाही. कुत्रं भुंकत नाही, कोंबडी आडवी जात नाही, गोठ्यात गाय नाही. दारांना नुसत्या कड्या, कुलपं नाहीत. विहिरीवर दोर गुंडाळून ठेवलेला, जात्याच्या तोंडावर फडकं झाकलेलं, जणू आत्ता येतो म्हणून सगळा गाव उठून गेलाय. लाट फुटलेली थेट माजघरात ऐकू येत होती! माझ्या अंगावर काटा... पण खोटं कशाला बोलू, भीतीनं नाही. मी जन्मभर ज्याच्याबद्दल बोललो ते साक्षात समोर होतं हो! कुणी बघत नसताना असलेलं गाव! मी ह्या खिडकीतून वाकून बघ, त्या पडवीत डोकाव... आणि हा कायतान? त्यानं तीन दगड मांडले, माडाच्या झावळ्या पेटवल्या, आणि पेज ठेवली शिजत! धूर असा सरळ वर, माडांच्याही वर. मी एका पडवीत जरा आडवा झालो, चष्मा काढून फळीवर ठेवला... चुकलं असेल माझंच. असेलही!

आणि एकदम ढोल! लांबून, गावाबाहेरून, धडाधडा! "जत्रा आसा रे!" म्हणत कायताननं विस्तव विझवला, पेज मडक्यासकट उचलली, आणि मी पिशवी उचलून त्याच्या मागं. शिवेवर पोचतो तो काय, सगळा गाव तिथं! माळावर झावळ्यांच्या खोपी, गाई, कोंबड्या, पाळण्यातली पोरं. गावातला आमचा धूर बघून बडवलेला ढोल आम्हाला बघून बंद. मग एक म्हातारी पुढं आली, हौसाबाई तिचं नाव, आणि ओरडली, "आधी पाय बघा रे तेंचे! सरळ आसत काय उलटे?"

तोंडाला गोपीचंदन, डोक्याला पांढरं... बघितलंत ना लक्षात ठेवायला का सांगितलं ते?

त्या गावाची रीतच तशी, देवाचा हुकूम झाला की तीन दिवस गाव सोडायचं. गावपळण म्हणतात. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी शिवेबाहेर. तीन दिवस गाव फक्त देवाचं आणि देवचाराचं, म्हणजे शीव राखणाऱ्याचं. आत माणसाचा पाय पडला तर पळण मोडली, परत पहिल्यापासून तीन दिवस! रस्त्यावर त्यांनी माणूस बसवला होता, पण वाळूतून कुणी शहाणा येईल असं कुणाला वाटणार? आणि उद्या गाव भरायचं, परवा त्या हौसाबाईच्या नातीचं, यशोदाचं लग्न! नवरा मुंबईहून रजा काढून निघालेला, रजा संपली की परत. लग्न मोडणार, आणि कुणामुळं? आमच्यामुळं! यशोदा खोपीच्या दारात उभी, रडू आवरत, माझ्याकडे बघतेय...

मी शिकवणारा मास्तर, असं कायताननं सांगितलं, तसे मानकरी लवू गावकर पुढं झाले. "मास्तरांनू, खरा काय ता सांगा. तुमी भितुर होतास?"

माझं नाव हरिश्चंद्र हो! ह्या नावाच्या माणसानं काय करावं? मी म्हटलं, "होतो... म्हणजे, होतो असं मला वाटतं."

"वाटता?" गावकरांनी मान वर केली. "म्हंजे नक्की नाय?"

"नक्की असं मी जन्मात कधी काही म्हटलेलं नाही."

"आयकलास?" हौसाबाई सगळ्यांकडे वळली. "येवढो शिकलेलो माणूस, तो म्हणता नक्की नाय!"

कायतान शहाण्यासारखा पेज ढवळत बसला. मग देवालाच विचारायचं ठरलं. शिवेच्या दगडाला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर देवाचा होकार. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! तुझ्या सबदाखातर आमी घरदार सोडून हय बसलंव..."

"व्हय म्हाराजा!"

"तेतूर हे दोन म्हातारे भितुर गेले काय नाय, ता तेंचा तेंकाच म्हायत नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तेंका माणसांत धरू नको, आणि ह्या चेडवाच्या लग्नात इघीन हाडू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीसुद्धा ओरडलो! इतक्या जोरात मी पदवीदान समारंभातही ओरडलो नव्हतो! पाकळी हलेना. वारा पडला. यशोदा पदर चावतेय... आणि पडली! उजवी! देवानं सांगितलं, आत कुणी माणूस गेला नाही. हे सगळं कायताननं मला मागाहून सांगितलं, कारण त्या जल्लोषात माझ्या ध्यानात आलं, की इतका वेळ धूसर दिसतंय ते घामामुळं नव्हे, माझा चष्मा आत फळीवर आहे.

तिसऱ्या दिवशी लग्न, आम्हाला आग्रहानं ठेवून घेतलं; पण कुठल्या पडवीत निजलो होतो ते चष्म्याशिवाय मला सापडेना. अंतरपाट धरायला दोघं उभे, आणि पडवीतून हौसाबाईची सून किंचाळली, "माझ्या फळयेर चष्मो! गावात माणूस नाय, आनि चष्मो खंयसून इलो?"

पडवी हौसाबाईचीच होती, सांगायला नको. सगळे थांबले. भटजी थांबले. मी तोंड उघडलं... आणि कायताननं असा चिमटा काढला! गावकरांनी चष्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "देवचाराचो आसतलो. म्हातारो झालो तो, तेकाय दिसूक व्हया." आणि तो माझा चष्मा नारळ, विडी आणि हळदकुंकवासकट शिवेच्या दगडावर गेला, रस्त्याकडे तोंड करून!

पंगतीला मी चाचपडत निघालो, तर हौसाबाईनं हळूच हात धरला. "सांभाळून हां मास्तरांनू, हय पायरी आसा. तुमका दिसना नाय."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"माका? माका खंय काय म्हायत!" आणि पानात जास्तीचा वडा.

जाताना दगडापाशी कायतान थांबून म्हणाला, "बघ, देवचाराक तुझ्यापरीस बरो दिसता."

आता तुम्ही म्हणाल, नवा करून घ्या. गेलो होतो! डोळ्यांचा डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतो, "जुना कुठं ठेवलात?" काय सांगू? जिथं ठेवला तिथं मी गेलोच नव्हतो, देवाचा कौल आहे! हात हलवत परत आलो. चुकलं असेल माझंच. असेलही... पण मला सांगा, चुकायला तरी मी तिथं असायला हवा होतो ना?