पाचवी खोली

नाय रं पुंडलिका, पाची खोल्या खरवडायच्या नायत — बस आधी, चहा घे. विटेपर्यंत गेल्याशिवाय मिठाचा लोणा जायचा नाय म्हंतोस, कबूल, तू मिस्त्री हायस. मलाबी दिसतंय की. दर साली रंग मारायचा नि दर साली पोपडे झाडायचे — कंटाळले मी. पण केलं कुणी हे? आमच्या मालकांनी. जन्म गेला मिठागरावर, नि खोल्या बांधताना म्हंतात कसे, रेती विकत कशाला, खाडी दारात हाय. खाऱ्या रेतीच्या भिंती रडतात हे पोरासोरांना ठावं, पण मिठागरवाल्याला वाटतं मीठ आपलं ऐकंल. मीठ कुणाचं ऐकतंय? गेले बिचारे, नि भिंती पुसायला मी ऱ्हायले.

तर चार खोल्यांना नुसता चुना मार. त्यात कंपनीच्या ठेकेदाराची माणसं — एक शिफ्ट झोपते, एक कामावर असते. त्यांना पंखा नि पाणी पायजे, भिंत कोण बघतंय? दत्ता म्हंतो, आई, सगळीकडं फरशी घालू, कंपनीतले सायेब ठेवू, भाडं दुप्पट. आता सायेब पेणला फ्लॅटात ऱ्हायचे सोडून डोलवीला आपल्या पडवीत येणार हायत? पोरगं माझंच, पण हिशेब हवेतले. घातलेला पैसा भिंतीतच मुरायचा.

पाचवी मात्र पुरी कर. कोपऱ्यातली. गिलावा पार काढ, फरशी घाल, मोरीला दार, ओट्याला कडप्पा — हसू नको. व्हय, उलटंच हाय, भरल्या खोल्यांना चुना नि रिकामीला कडप्पा. रिकामी तरी कशी, केरू होता की तिच्यात, भाडं टायमावर द्यायचा, मीच त्याला दुसरीकडं खोली बघून दिली. का म्हंजे? असंच — दाराला आतून कडी भक्कम लाव, तेवढं ऐक.

बघतोस काय असा? आमची सरू रोह्याला दिलीय ना. गौरीला आली, तवा पिशवी मी उचलली — जड. आत स्वेटर. भादव्यात स्वेटर कोण आणतं रं? थंडीपातूर ऱ्हायच्या तयारीनं आलेली पोर. जावई तिच्यावर हात उचलतो, हे मला आधीच कळलेलं. दत्ताला सांगितलं तर म्हंतो, घराघरांत असतंच. सूनबाई वाईट नाय, पण तिनंबी विचारलंच, वन्सं किती दिवस हायत? झालं. दुसऱ्या दिवशी सरू तीच पिशवी घेऊन परत गेली. मीच यष्टीत बसवली तिला.

दत्तानं विचारलं तर सांग, पाचवी भाड्याचीच हाय. खोटं नाय ते. सरूच्या हातात शिलाई हाय, मशीन इथं आणंल, भाडं दील. नि मी घेणार — दर महिन्याला, दत्ताच्या देखत, मोजून घेणार. तोंड वाकडं करू नको. पोटच्या पोरीकडून भाडं घेते म्हणून गाव नावं ठेवंल, ठेवू दे. माहेरी आलेल्या लेकीला जो तो विचारतो, कधी जाणार? भाडेकरूला कोण विचारत नाय.

ऊठ आता. दत्ताची शिफ्ट सुटलीय, येल तो.