आठवी मोहीम

हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. मनगटाला पट्टा बांधलेला शिंपी पेपर तोंडासमोर धरून बसला होता, पण कान शेजारच्या नणंद-भावजयीकडे होते.

"वन्सं, अंतराळातल्या लढाईचा तो जुनापुराणा गेम अजून घाम फोडतो हो! आठव्या मोहिमेत दवाखान्याचं जहाज वाचवायचंय, आणि ते दर वेळी माझ्या डोळ्यांदेखत फुटतं."

"आणि तू जॉयस्टिक पिळत बसतेस. मग मनगट सुजेल नाहीतर काय?"

"मागे शत्रू लागला की जीव खाऊन पळते. वळायला जावं, तर यान वळता वळत नाही."

"पळतेस कशाला? वेग निम्म्यावर आण आणि मग वळ. तो भरधाव पुढे निघून जातो आणि आयता तुझ्या तोफेसमोर येतो."

"एवढंच?"

"एवढंच. मीही तिथेच डोकं आपटत होते."

"अगं बाई! मला वाटलं, या वयात आता आपल्याला झेपत नाही."

"वय कसलं डोंबलाचं! घाई नडते."

कंपाउंडरने शिंप्याचा नंबर पुकारला, तर गडी दाराबाहेर निघालेला.

"अहो काका, मनगट दाखवायचंय ना?"

"या वहिनींना सोडा आत. मी आधी जहाज वाचवून येतो."