मनमाडहून आलेलं पाणी

जळवा म्हटलं की मला मनमाडहून जखमेच्या उपचाराला येणारे रेल्वेतले काका आठवतात. तेव्हा मी गंगापूर रोडला एका वैद्यांच्या हाताखाली होते. ज्याच्या जखमेला जळवा लावायच्या, त्याच्या नावाची बरणी वेगळी. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यात त्या मरतात, म्हणून आम्ही विहिरीचं पाणी घालायचो. एका उन्हाळ्यात विहीरच आटली. काकांना फोन केला, "विहीर आटली, तुमच्या जळवांचं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी काका आडाच्या पाण्याचा कॅन घेऊन हजर!

"अहो काका, मनमाडला तुम्हालाच प्यायला पाणी नसतं ना?"

काका बरणीत पाणी ओतत म्हणाले, "पाण्याची वाट बघणं काय असतं, ते आम्हाला सांगता होय?"